आमची वाटचाल : खडी, गेज आणि एका दिवसाचे रिपोर्ट

धुळ्यात खडी तपासायची लॅब उघडली तेव्हा क्रशरवाले हसायचे. "दगड काळा आहे ना? मग तपासायचं काय?" काळा आहेच. पण आपल्याकडे दोन थरांच्या मध्ये तांबडा पट्टा लागतो, कुठे दगडाच्या पोटात पोकळ्या आणि त्यात पांढरं खनिज. ब्लास्टिंग झालं की चांगला-कच्चा सगळा दगड एकत्र क्रशरच्या हॉपरमध्ये.

सामान थोडंच होतं. ठोके देऊन दगडाची ताकद बघणारं इम्पॅक्ट मशीन, चाळण्या, ओव्हन आणि चपटी खडी ओळखायची फटींची पट्टी, म्हणजे गेज. चौदा किलोपर्यंतचा हातोडा, 380 मिलिमीटरवरून 15 ठोके, मग 2.36 मिलिमीटरच्या चाळणीतून पडलेला चुरा तोलायचा. डांबरी रस्त्याच्या वरच्या थराला (बीसी) तो 24 टक्क्यांच्या आत हवा, त्याखालच्या डांबरी थराला (डीबीएम) 27 च्या. यात लपवाछपवीला जागा कमी. गेजचं तसं नाही. 20 ते 16 मिलिमीटरच्या खडीला 10.8 मिलिमीटरची फट लागते. ती झिजून रुंदावली की चांगली खडीही चपटी ठरते. ज्या लॅबमध्ये ही फट मोजायचं व्हर्नियर दिसणार नाही, तिथे नमुना देऊ नका.

मग हायवेची कामं वाढली आणि शहरात दुसरी लॅब आली. सकाळी पोतं द्या, संध्याकाळी सही-शिक्क्याचा रिपोर्ट घ्या. साउंडनेससुद्धा, म्हणजे दगड ऊन-पावसात टिकेल का याची तपासणी! सोडियम सल्फेटमध्ये बुडवायचं, वाळवायचं, अशी पाच आवर्तनं. एका बुडवणीलाच 16 ते 18 तास लागतात. संध्याकाळी रिपोर्ट आला कुठून, हे एकाही गिऱ्हाईकाने विचारलं नाही. आमचे दर जास्त, वेळ जास्त, म्हणून एकेक जण गेला. काही तर जुनी बिलं थकवून गेले. ओव्हन विकायला काढला होता, गिऱ्हाईकही ठरलं होतं.

साक्रीकडचे आप्पा तेवढे राहिले. त्यांच्या खदानीत खालच्या बेंचला, म्हणजे पायरीला, तांबडा थर लागला आणि डब्ल्यूएमएमच्या (डांबराखालचा ओल्या खडीचा थर) बारीक मालाचा पीआय, म्हणजे मातीचा चिकटपणा सांगणारा आकडा, 6 च्या मर्यादेवर गेला. तसा रिपोर्ट मी दिला. शेजारच्या खदानवाल्याने त्यांना त्या दुसऱ्या लॅबचा रस्ता दाखवला. आप्पा म्हणाले, "मन्हा दगड खरा शे, मंग खोटा कागद कसाले लेऊ?" त्यांनी तो बेंच सोडला, दुसऱ्या बाजूने उघडला आणि त्या महिन्याचं माझं बिल आगाऊ दिलं. ओव्हन राहिला.

पुढे एका कामावर कन्सल्टंटच्या इंजिनिअरने जागेवरच नमुने घेतले आणि खडीचे हायवा डंपर नापास होऊन परत फिरू लागले. तेव्हा सगळे पुन्हा आमच्या दारात. वर सूट मागतात.

त्यांना तेव्हाही सांगितलं, अजूनही सांगतो: नमुना ढिगातून उचलू नका, मोठी खडी घरंगळून पायथ्याशी गेलेली असते. क्रशरचा बेल्ट थांबवा आणि त्यावरच्या मालाचा आडवा पूर्ण पट्टा घ्या. कोन क्रशर उपाशी, म्हणजे अर्धवट भरून, चालवू नका, चपटी खडी वाढते. पावसाळ्यात वरची माती आधी काढा, धुण्याच्या भरवशावर राहू नका.

ती एका दिवसात रिपोर्ट देणारी लॅब अजून चालू आहे. बोर्ड आमच्यापेक्षा मोठा आहे. थकलेली बिलं मात्र सगळी आली नाहीत.