देवाचं घड्याळ

राग आला असता तर बरं झालं असतं. रागाचं एक असतं, भांडून मोकळं होता येतं. पण आपले दोन्ही हात हातात घेऊन जो माणूस डोळ्यांत पाणी आणतो त्याच्याशी भांडायचं कसं?

रोझीकडे रविवारी प्रार्थना होती. तिच्या केविनच्या नव्या ग्रुपचे पास्टर आले होते. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असावं, कारण ते थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "आँटी, तुम्ही लोक म्हणजे देवाचं घड्याळ. तुमच्याकडे बघून आम्हाला कळतं किती वाजले. आम्ही रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतो." आवाज भरून आला होता, नाटक नव्हतं. मी "थँक्यू" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? रोझी तेवढ्यात चहा बघायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

नाव नाही विचारलं त्यांनी माझं. तेच लागलंय. घड्याळाला कोण नाव विचारतं, जेवलात का विचारतं?

रात्री बसून वाचत राहिले. वाचायला नको होतं खरं तर, आधीच झोप कमी. जगाच्या शेवटाचा हा सगळा हिशेब 19व्या शतकात डार्बी नावाच्या धर्मोपदेशकाने मांडला आणि 1909 साली निघालेल्या स्कोफिल्डच्या बायबलातल्या टिपांनी तो अमेरिकेत घरोघरी नेला. यहुदी आपल्या देशात गोळा होणार, खरे विश्वासणारे वर उचलले जाणार, मग खाली सात वर्षं हालअपेष्टा. आमचं काय होणार ते बायबलातल्या जखऱ्याच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातून काढतात: दोन हिस्से मरतील, तिसरा उरेल. उरलेले येशूला ओळखतील आणि गोष्ट गोड होईल. शुक्रवारी आमच्याकडे किद्दुशला (शब्बाथ सुरू होतानाच्या प्रार्थनेला) सहा पानं असतात. दोन तृतीयांश म्हणजे चार. कुठली चार, हे कोण ठरवणार?

म्हणजे प्रार्थना चालते ती आमच्यासाठी की त्या गोष्टीतल्या आमच्या भूमिकेसाठी? त्यांचं प्रेम खोटं नाही. पण खरं असूनही ते माझ्यावर नाही. कुणावर आहे मग?

रोझी दुसऱ्या दिवशी वाटीभर सोरपोतेल घेऊन आली नाही यातच सगळं आलं. (डुकराच्या मांसाचं, आम्हाला न चालणारं; एरवी विसरून आणते आणि मग दारातच जीभ चावते.) केक आणला. म्हणाली, "अगं, आमच्यात असलं शेवटाचं वेळापत्रक नसतं. हे त्यांचं नवीन." खरं आहे तिचं. तिच्या कॅथलिक चर्चने 1965 सालीच येशूच्या मरणाचा दोष सरसकट यहुद्यांवर टाकायचा नाही असं जाहीर केलं, आणि 2015 साली तर व्हॅटिकनच्या एका पत्रकात यहुद्यांसाठी वेगळं मिशन चालवत नाही असंही आलं. पण रोझीला यातलं काही ठाऊक नाही. तिला माझ्या गुडघ्याचं ठाऊक आहे.

आजीचं मराठी बायबल काढलं मग. पाठपुठ्ठा निखळलाय, मलाखीच्या पानावर हळदीचं बोट. आमच्याकडे हा 'जुना करार' जुना नाही, एवढाच आहे. आणि गंमत क्रमात आहे. या मराठी पुस्तकात जुन्या कराराच्या शेवटी मलाखी येतो, एलिया संदेष्टा येणार म्हणून सांगतो, आणि पान उलटलं की नव्या करारातला मत्तय हजर. जणू जिना चढून आलो आणि समोर त्यांचंच दार. आमच्या हिब्रू बायबलात, तनाखमध्ये, मलाखी मधेच कुठेतरी असतो आणि शेवट होतो इतिहासाच्या पुस्तकाने, पारशी राजा कोरेश म्हणतो की ज्याला जायचं त्याने वर यरुशलेमेला जावं. पुस्तकं तीच. आजीने आयुष्यभर त्यांच्या क्रमाने वाचली आणि आपल्याच अर्थाने. मिशनरी जॉन विल्सनसाहेबांनी 1832 साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं तेही आमच्या लोकांनी असंच घेतलं. व्याकरण शिकले, शाळेत पोरं घातली, बाप्तिस्मा मात्र फार थोड्यांनी घेतला. कोकणी माणूस आहे शेवटी.

आणि घड्याळ म्हणे! इस्रायलला गेलेल्या आमच्या लोकांना 1962 मध्ये तिथल्या रब्बींनीच, म्हणजे धर्मगुरूंनीच, लग्नाला अडवलं, हे पुरते यहुदी आहेत की नाहीत म्हणून. धरणं धरावं लागलं. 1964 मध्ये सरकारने सगळ्या बाबतींत बरोबरीचे म्हणून मान्य केलं. तोवर देवाचं घड्याळ काय बंद होतं?

पप्पांचे ते दिवस... जाऊ दे.

बरं, आपण तरी कुठे मोकळे आहोत या शेवटाच्या नादातून? अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर एलियाहू हन्नबीच्या (तोच एलिया) रथाची खूण दाखवतात, तिथे हात लावून मीच डोळे मिटलेत. नवस फेडायला मलिदा करतो, पोहे भिजवून, खोबरं-गूळ-वेलची घालून, आणि ज्याला बोलावतो तो मशीहाची, शेवटी येणाऱ्या तारणाऱ्याची, वर्दी देणाराच की. मशीहा येईल हे रांबाम या आमच्या जुन्या थोर पंडिताने श्रद्धेच्या तेरा तत्त्वांत घातलंय. उशीर झाला तरी वाट बघायची. पण त्याच रांबामने हेही लिहिलंय की तेव्हा जगाची रीत काही बदलणार नाही, आणि ऋषिमुनींना ते दिवस हवे होते ते राज्य करायला नव्हे, निवांत तोरा, म्हणजे आमचं धर्मशास्त्र, शिकायला. तालमूद या आमच्या रब्बींच्या जुन्या ग्रंथात शेवटाची तारीख काढत बसणाऱ्यांची हाडं झिजोत असा शाप आहे. आणि उल्ला नावाचे एक रब्बी तर सरळ म्हणतात, "येऊ दे त्याला, पण मला तो दिसायला नको." एवढ्या मोठ्या माणसाला येण्याआधीच्या हालांची धास्ती! हे वाचून मला एकटीला खुदकन हसू आलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझ्या मनातलं बोललं.

दादाला इस्रायलमध्ये अश्दोदला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, इथे तर असे लोक बसच्या बस भरून येतात. रडतात, मिठ्या मारतात, झाडं लावतात. वाईट नसतात बिचारे. चांगली गिऱ्हाइकं असतात."

"आणि तुला काय वाटतं तेव्हा?"

"मला वाटतं, बस हलली तर पार्किंगला जागा होईल."

मग म्हणाला इथली आमसुलं संपलीत, प्रदीपबरोबर पाठव, आणि यावेळी काळी बघून घे, मागची नुसती खारट होती.