काम होताना दाखवणारे चित्रपट

चित्रपटांच्या आवडीनिवडीविषयी बोलताना आपण सहसा मोठ्या कप्प्यांची नावे घेतो: विनोदी, ऐतिहासिक, रहस्यमय, कौटुंबिक. माझी आवड या कप्प्यांत नीट बसत नाही, कारण जे उपप्रकार मला पुन्हापुन्हा पाहावेसे वाटतात ते वरवर पाहता एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. तुरुंगातून पलायन, दरोडा, कोर्टातला खटला, वृत्तपत्राने लावलेला शोध आणि चित्रपट कसा तयार झाला याची गोष्ट. या पाचांची जातकुळी एकच आहे, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आले. या सगळ्यांत माणसे काम करताना दिसतात आणि ते काम पहिल्या पायरीपासून आपल्या डोळ्यांसमोर होते. पात्राच्या मनात काय चालले आहे, हे त्याच्या हातांवरून कळते.

हे मला उमगले ते वडिलांमुळे. बाबांनी सारी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर केली. चित्रपट लावला की अर्ध्या तासात ते उठून गॅलरीत जायचे, आणि त्यांना कंटाळा येतो असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. एका पावसाळी रविवारी मी 'ल त्रू' हा १९६० सालचा फ्रेंच चित्रपट लावला होता. भाषा त्यांना कळत नव्हती आणि इंग्रजी अक्षरे वाचायला चष्मा जवळ नव्हता. तरीही त्या दिवशी ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

पॅरिसच्या ला सांते तुरुंगातल्या एका कोठडीत पाच कैदी आहेत आणि त्यांना भुयार खणून बाहेर पडायचे आहे, एवढीच कथा. ती खऱ्या घटनेवर आधारलेली आहे. १९४७ सालच्या पलायनाच्या प्रयत्नात सामील असलेल्या जोझे जोव्हानी यांनी पुढे त्यावर कादंबरी लिहिली आणि दिग्दर्शक जाक बेकर यांनी ती पडद्यावर आणली. त्या प्रयत्नातला आणखी एक माणूस, जाँ केरोदी, चित्रपटात स्वतः काम करतो. सुरुवातीला तो मोटार दुरुस्त करता करता आपल्याकडे वळतो आणि ही माझीच हकिकत आहे, असे सांगतो. बेकर हा चित्रपट प्रदर्शित होण्याच्या काही आठवडे आधी वारले.

कोठडीतल्या लाकडी फळ्या उचकटल्यावर खाली काँक्रीट लागते. खाटेच्या सांगाड्यातून काढलेला लोखंडी तुकडा हीच पहार. पहिला घाव बसतो, काँक्रीटवर नुसता पांढरा ओरखडा उठतो आणि कॅमेरा त्या जागेवरून हलतच नाही. घाव पडत राहतात. ओरखड्याचा खड्डा होतो, खड्ड्यातून खडी सुटू लागते, एकाचे हात भरून आले की दुसरा पुढे सरकतो. काही मिनिटे आपण दुसरे काहीही पाहत नाही. संगीत नाही; साऱ्या चित्रपटालाच पार्श्वसंगीत नाही, ते थेट शेवटच्या श्रेयनामावलीत येते. त्या तीन-चार मिनिटांत बाबा खुर्चीत पुढे झुकले आणि म्हणाले, "हा खरंच फोडतोय रे." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बघ, पहार कशी धरलीये. नटाला असं धरता येत नाही."

कोठडीच्या दाराला पहारेकऱ्यासाठी एक बारीक भोक आहे. कैदी आरशाचा तुकडा दातांच्या ब्रशला बांधतात आणि तो त्या भोकातून बाहेर काढून व्हरांड्यात कोणी येते आहे का ते पाहतात. भुयारात वेळ कळत नाही, म्हणून दोन बाटल्या जोडून वाळूचे घड्याळ करतात. या गोष्टी चित्रपटात कोणी समजावून सांगत नाही. वस्तू तयार होताना दिसते, मग ती वापरली जाताना दिसते आणि ती कशासाठी होती ते आपल्याला आपोआप कळते. प्रेक्षकाच्या बुद्धीवर ठेवलेला हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो. म्हणूनच या पाच माणसांपैकी कोणी कोणता गुन्हा केला आहे, हे जवळजवळ विसरून आपण त्यांच्या बाजूने उभे राहतो. एकत्र कष्ट करणाऱ्या माणसांविषयी मनात जी माया निर्माण होते ती इथे कोणत्याही भाषणाविना निर्माण होते.

रोबेर ब्रेसाँ यांच्या १९५६ सालच्या चित्रपटाचे नावच 'एक माणूस निसटला' अशा अर्थाचे आहे, म्हणजे शेवट आधीच सांगून टाकलेला. जर्मनव्याप्त लियोंमधल्या माँल्यूक तुरुंगातला कैदी चमचा घासून त्याची पटाशी करतो आणि दाराच्या फळ्यांमधले सांधे दिवसेंदिवस कोरत राहतो. तो सुटणार हे ठाऊक असूनही फळीचा भुगा खाली पडला की छातीत धडधडते. पुढे काय होणार, या प्रश्नापेक्षा कसे होणार, हा प्रश्न माणसाला जास्त बांधून ठेवतो, हे मी या चित्रपटावरून शिकलो.

दरोड्याच्या चित्रपटांबाबत माझी निवड बरीच कडक आहे. ज्यूल्स डॅसिन हे अमेरिकी दिग्दर्शक डाव्या विचारांच्या संशयावरून हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेले. पुढे फ्रान्समध्ये त्यांनी १९५५ साली 'रिफिफी' केला. त्यातला दागिन्यांच्या दुकानावरचा दरोडा सुमारे अर्धा तास चालतो आणि त्या अर्ध्या तासात एकही संवाद नाही, संगीत नाही. संगीतकार जॉर्ज ओरिक यांनी त्या प्रसंगासाठी संगीत लिहिले होते, पण प्रसंग संगीतासह आणि संगीताविना असा दोन्ही प्रकारे पाहिल्यावर ते न वापरण्याला त्यांनीच संमती दिली. चोर वरच्या मजल्यावरून छत फोडतात. पहिले छोटे भोक पडताच ते त्यातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि ती उघडतात, म्हणजे पुढचा ढिगारा दुकानाच्या फरशीवर आपटण्याऐवजी छत्रीत गोळा होतो. धोक्याच्या घंटेत अग्निशामक नळकांड्यातला फेस भरून ती मुकी करतात आणि त्याआधी तशीच घंटा मिळवून तिच्यावर सराव केलेला असतो. छत्रीसारखी रोजची वस्तू अशी अचानक हुशार होताना पाहण्यात जो आनंद आहे, त्याला माझ्यापाशी तोड नाही.

अलीकडच्या बहुतेक दरोडेपटांत तो आनंद मिळत नाही. तिथे योजना वेगाने सांगितली जाते, दर दोन सेकंदांनी दृश्य बदलते आणि शेवटी कळते की खरी योजना आपल्यापासून लपवलेलीच होती. प्रेक्षकाला चकित करण्याचा हा मार्ग मला सोपा वाटतो. ज्याला काम ठाऊक आहे तो ते उघड दाखवतो आणि तरीही धाकधूक कमी होत नाही.

कोर्टरूम ड्रामा हा प्रकार आपल्याकडे पुष्कळ गाजला. त्यात वकिलाची जोरदार भाषणे फार आणि कोर्टाचे काम थोडे, असे बहुधा होते. सिडनी ल्युमेट यांच्या '१२ अँग्री मेन' (१९५७) या चित्रपटात जवळजवळ सारे काही एका खोलीत घडते आणि खटल्याचा निकाल ठरवणारे ज्युरीतले बारा जण पुरावा पुन्हा उलगडून तपासतात. ल्युमेट यांनी सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला, मग हळूहळू खाली आणला आणि लेन्सही बदलत नेली, त्यामुळे तीच खोली शेवटाकडे लहान होत गेल्यासारखी वाटते. बासू चटर्जी यांनी १९८६ साली 'एक रुका हुआ फैसला' या नावाने तो हिंदीत आणला.

पण या प्रकारात मला सर्वांत जवळचा आहे तो चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात 'ओरिझोंती' विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप असा, की त्याचे गाणे ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. खटल्याचे काम अगदी खऱ्या कोर्टासारखे चालते. सरकारी वकील कलमे एका सुरात वाचून दाखवतात, न्यायाधीश साक्षीदाराचे म्हणणे ऐकून ते स्वतःच्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात, मग पुढची तारीख मिळते. कॅमेरा दूर आणि स्थिर असतो. साक्षीदाराचे बोलणे आणि कागदावर उतरलेले बोलणे यांतला फरक आपण स्वतः पाहतो आणि कोणी आवाज न चढवता केवढा अन्याय होऊ शकतो ते ध्यानात येते.

त्या कामगाराची विधवा साक्षीला येते तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेल. नवरा गटारात उतरण्याआधी आत दगड टाकायचा, झुरळे बाहेर आली तर खाली हवा आहे असे समजायचा, असे ती सांगते. संरक्षणाची साधने काहीच मिळाली नव्हती, म्हणून जीव वाचवण्याची ही त्याची रीत. एका माणसाचे सारे कामाचे आयुष्य, त्याची अक्कल आणि त्याच्यावरचा अन्याय त्या एका दगडात आला आहे. कामाकडे नीट पाहणाऱ्या दिग्दर्शकालाच असा तपशील सापडतो.

वृत्तपत्रावरच्या चित्रपटांविषयी थोडेच सांगतो. ॲलन पाकुला यांच्या 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' (१९७६) मध्ये रॉबर्ट रेडफोर्ड दूरध्वनीवर बोलत असताना कॅमेरा सुमारे सहा मिनिटे न तुटता हळूहळू त्याच्या चेहऱ्याकडे सरकतो. त्यात तो एकदा नाव चुकतो आणि भूमिका न सोडता सावरतो. ती चूक तशीच ठेवली आहे. बातमी म्हणजे शंभर फोन आणि त्यांतले नव्वद वाया गेलेले, हे इथे अंगावर येते. आपल्याकडे 'सिंहासन'मध्ये (१९७९) निळू फुले यांचा दिगू टिपणीस हा पत्रकार सगळीकडे हिंडतो, सगळे पाहतो. त्याच्या चालण्यातच त्याचा थकवा दिसतो.

चित्रपट कसा तयार झाला याची गोष्ट सांगणारे चित्रपट मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण आपल्या चित्रपटांची सुरुवातच तिथे आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला, तेव्हा पैसे लावायला कोणी तयार नव्हते. भांडवलदारांना पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत रोप उगवताना दाखवणारी छोटी फिल्म तयार केली. म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी फाळक्यांच्या पडद्यावर आले ते बीजाचे काम. पुढे १९१७ साली स्वतःच्या कारखान्यात चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी फिल्मही त्यांनी केली आणि तिच्यात ते स्वतः दिसतात.

परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये (२००९) ही वाटाण्याची हकिकत आहे. तो चित्रपट मी बाबांबरोबर पाहिला. पडद्यावर नंदू माधव यांचे फाळके कुंडीपुढे कॅमेरा लावतात, आणि पाहता पाहता रोप वर येऊन पाने उलगडते. घरातली सगळी हसली, बाबा हसले नाहीत. त्यांनी चित्रपट थांबवायला लावला आणि विचारले, "महिनाभर कॅमेरा केसभरही हलला नसेल? आणि कुंडीला पाणी कोणी घातलं, तिला धक्का न लावता?"