नाइट ऑफ आणि पितळखोरा

नर्स म्हणून माझी ही सलग सहावी नाइट होती. पहाटे चारला चौदा नंबरच्या बेडवरचे आजोबा गेले आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर ओव्हर द्यायच्या, म्हणजे सकाळच्या पाळीला वॉर्ड सोपवायच्या आत कागद पुरे होतील ना? घरी येऊन डोक्यावर पाणी घेताना लक्षात आलं की त्यांचा चेहराच आठवत नाहीये. चार रात्री मीच सुईसाठी त्यांची व्हीन, म्हणजे शीर, शोधत होते. हात आठवत होता, मनगटाजवळचं गोंदणसुद्धा आठवत होतं. चेहरा मात्र नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची व्याख्या केली, तीही आजार म्हणून नाही, तर कामातून येणारी अवस्था म्हणून. तिची लक्षणं तीन. माणूस गळून जातो, कामावरून त्याचं मन उडतं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं त्याला वाटायला लागतं. थकव्याचं मला काही वाटत नाही, झोपलं की उतरतो. घाबरले ते मधल्या लक्षणाला.

नाइट ऑफला जोडून एक रजा मागितली आणि मिळाली. पितळखोऱ्याच्या लेण्यांना जायचं ठरवलं. फेब्रुवारीचा शेवट. सगळ्यांनी वेड्यात काढलं, "पितळखोऱ्याला आता काय आहे? श्रावणात जा." श्रावण बघून रजा मिळत असती तर मग काय हवं होतं!

संभाजीनगरहून बसने कन्नड, तिथून एक जीप ठरवली. हा सगळा गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा भाग, १९८६ साली जाहीर झालेला. पावसाळ्यातले याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, मला भेटलं ते उन्हाळ्याच्या तोंडावरचं जंगल. पानं झडलेली, मातीचा रंग भाजल्यासारखा, आणि मधूनच पळस पेटलेला. आपल्या मराठवाड्याच्या डोळ्याला हा रंग ओळखीचा आहे. हिरवं बघितलं की उलट आम्हाला पाहुण्याच्या घरी आल्यासारखं वाटतं.

जीपवाले मामा वरच थांबले. "पाणी नसतंय बरं का बाई आता. पायऱ्या उतरायच्या, चढायच्या, अन् बघायचं काय?" मी म्हटलं, काहीच नाही बघायचं. त्यांनी रुमाल तोंडावर घेतला आणि सीट मागे टाकली. उत्तर पटलं असावं.

पायऱ्या उतरताना पहिला अर्धा तास वाईट गेला. कान ऐकत होते, पण ऐकत होते वॉर्डच. खालून टुक, टुक, टुक असा एकसारखा आवाज यायला लागला आणि मी दचकून थांबले. कुणाचा मॉनिटर वाजतोय? हात खिशातल्या नसलेल्या पेनकडे गेला. मग वडाच्या शेंड्यावर तांबट दिसला. चिमणीपेक्षा थोडा मोठा, कपाळ लाल. प्रत्येक टुकला मान हलवणारा. सवयीने घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला एकशे दहा. टॅकीकार्डिया, वॉर्डच्या भाषेत धावणारी नाडी! मी एकटीच मोठ्याने हसले. तो थांबला, जरा वेळाने पुन्हा सुरू झाला. तो थांबला तरी कुणी धावत जायचं नव्हतं. ही गोष्ट अंगात उतरायला वेळ लागला.

लेणी तेरा, इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकात खोदायला घेतलेली. दगड ठिसूळ, पाण्याने पुष्कळ पडझड केलीय. एका विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, तिथे सावलीत बसले. इथल्या लेखांत पैठणच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी घराण्याचं नाव येतं, आणि मगिल नावाच्या राजवैद्याचंही. ब्राह्मी मला येत नाही, हे घरून वाचून आले होते. त्या वैद्याच्या मुलीचंही दान इथे नोंदलेलं आहे, दत्ता तिचं नाव. बापाच्या पेशंटजवळ ती रात्री बसली असेल का, कोण जाणे. रात्री बसणाऱ्यांचे लेख कोरत नाहीत.

समोर दरीचा कडा होता. त्यावर एक वाकडं झाड, आणि त्याच्या मुळाशी वानरांचा कळप. पोस्ट बेसिकला, म्हणजे नर्सिंगच्या पुढच्या कोर्सला शिकवलेला १९८४ सालचा एक अभ्यास आठवला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, काहींच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली, आणि नर्सच्या नोंदींत त्यांच्याबद्दल तक्रारीचे शेरेही कमी होते. परीक्षेत मी यावर पाच मार्क मिळवलेत. पण त्या नोंदी लिहिणाऱ्या बाईला टेबलावरून काय दिसत होतं, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. आमच्या टेबलावरून औषधाचं कपाट आणि ऑक्सिजनचे सिलेंडर दिसतात.

जंगलाने खाटा कमी होत नाहीत. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स असावी असं कागदावर आहे. आमच्याकडे नाइटला दोघी आणि चाळीस खाटा, खालच्या गाद्या वेगळ्या. "सिस्टर, जरा फिरून या, बरं वाटेल," असं वरून कुणी सुचवलं तर मी आधी रोस्टर समोर ठेवीन.

तरी दोन तास बसले. ओढ्यात एका डबक्यापुरतं पाणी राहिलं होतं. एक पिवळा धोबी कडेकडेने शेपूट हलवत चालत होता. त्याच्याकडे बघता बघता, काही न आठवता, मनगटावरच्या गोंदणामागून आजोबांचा चेहरा आला. पांढऱ्या मिशा, वरचा एक दात नाही. "बाई, तुम्ही जेवलात का?" असं रोज विचारायचे. मी तिथे बऱ्यापैकी रडले. वानरांनी फारसं मनावर घेतलं नाही.

वर आले तर मामा जागे. "काय दिसलं?"

"एक पक्षी दिसला."

"एवढ्यासाठी आलात?" मग हळूच, "सिस्टर आहात म्हणे. मंडळीला शुगर आहे, फाइल गाडीतच आहे माझ्या, बघता का?"

बघितली. गोळ्या मधूनच बंद केल्या होत्या. बोनेटवर फाइल ठेवून त्यांना वीस मिनिटं समजावलं आणि डॉक्टरकडे पुन्हा न्यायला लावलं. त्यांनी जीपचे शंभर रुपये कमी घेतले.

कन्नडला नेटवर्क आलं आणि वॉर्डच्या ग्रुपवर एकेचाळीस मेसेज. शेवटचा होता, "उद्याची नाइट कुणी बदलून घेतं का?" वेरूळ येईपर्यंत मी उत्तर दिलं नाही.