लोणंदपासून पुढे

चारच दिवस रजा आहे, वारीत कुठून चालू, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं. पुण्यातून निघू नका, लोणंदला या.

बहुतेक लोक पुणे-सासवड हा टप्पा निवडतात. घराजवळ पडतो, रविवार धरून एक दिवस जमतो आणि दिवे घाटाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण माउलींच्या वाटेवरचा हाच सगळ्यात लांबचा टप्पा आहे, सुमारे ३२ किलोमीटर. घाटाची चढण येते ती निम्मी वाट चालून पाय भरून आल्यावर. सवय नसलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी हे करणं म्हणजे पायांचे हाल. शिवाय एवढ्या गर्दीत आपल्या चालीने चालताच येत नाही. दहा पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा दहा पावलं. सलग चालण्याने दुखत नाहीत इतक्या पोटऱ्या या थांबत-थांबत चालण्याने दुखतात. आणि ज्यासाठी यायचं ते भजन कानावर पडतच नाही, स्वागत कमानींवरच्या कर्ण्यांखाली पखवाज बुडून जातो. मला त्या कर्ण्यांचा अजूनही राग येतो.

लोणंद पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे पोचायला सोपं. तिथून तरडगाव सुमारे ८ किलोमीटर, पुढे फलटण २१, बरड १८, नातेपुते २१. पालखी लोणंदहून दुपारी निघते, म्हणून पहिला दिवस अर्धाच चालायचा असतो आणि पाय हळूहळू रुळतात. बरडला थांबायचं असेल तर तीन दिवस पुरतात. परत फिरायला फलटणची एसटी मिळते, मात्र त्या दिवसांत रस्ते वळवलेले असतात. गाडी कुठून सुटणार हे आदल्या रात्रीच विचारून ठेवावं.

आदल्या टप्प्यात, वाल्ह्याहून येताना, नीरेच्या पुलाशी पादुकांना स्नान होतं. ते झालं की पुणे जिल्हा संपून सातारा जिल्हा लागतो. ही नीरा लक्षात ठेवा, पुढे ती परत भेटणार आहे.

दिंडीशिवाय एकट्याने चालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ओळखीने एखादी दिंडी गाठावी, भिशी, म्हणजे दिंडीची जेवणखाणाची वर्गणी, आधीच भरावी आणि वळकटीवर नाव आणि दिंडी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ती ट्रकमध्ये टाकावी. क्रमांक लिहिताना ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ हे शब्द गाळू नयेत. पालखीच्या रथापुढच्या दिंड्यांचे क्रमांक वेगळे आणि रथामागच्यांचे वेगळे, दोन्हीकडे एकपासून सुरुवात. नुसतं ‘बारा नंबर’ म्हणून शोधत निघालेला माणूस रथाच्या भलत्याच बाजूला जातो आणि मधला जनसमुदाय ओलांडून परत यायला त्याला दोन तास लागतात. क्रमांकाची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवावी. मोबाईलच्या भरवशावर राहू नये. मुक्कामाच्या गावी एवढी माणसं एकदम उतरतात की फोन लागत नाही.

खांद्यावर पाव किलोचं ओझंसुद्धा तिसऱ्या दिवशी जाणवतं. एक लिटर पाणी, प्लास्टिकचा कागद, सुक्या मोज्यांचे दोन जोड, साखर-मिठाच्या पुड्या, चिकटपट्टीचं रीळ आणि सुई, एवढंच जवळ ठेवायचं, बाकी ट्रकमध्ये. बूट निदान दोन महिने वापरलेले हवेत आणि नेहमीपेक्षा एक नंबर मोठे, कारण चालून पाय सुजतात. नव्या चामडी चपला घालून आलेले लोक दरवर्षी दिसतात. अंगठ्याजवळ पट्टा कापतो आणि दुसऱ्या दिवशी ते अनवाणी चालत असतात.

लोणंद-तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. दिंड्या रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहतात, मधल्या वाटेने जरीपटक्याचा स्वार आणि माउलींचा अश्व धावत जातात. अश्व येतो, जातो, आणि हात आपोआप खाली वाकून तिथली माती कपाळाला लावतात. माझ्या शेजारच्या बाईंनी मातीची चिमूट पदराच्या टोकाला बांधून घेतली.

तरडगाव. फलटण. फलटणला पाऊस नव्हता, ऊन होतं.

हे नीट समजून घ्यावं लागतं. सासवडपर्यंत रेनकोट काढता येत नाही आणि फलटणनंतर डोक्यावरचं फडकं. सह्याद्रीपासून पूर्वेला जावं तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. पुण्याच्या हवेच्या हिशेबाने तयारी करून आलेला माणूस इथे फसतो. ज्या वर्षी अधिक महिना आषाढाच्या आधी पडतो, त्या वर्षी वारी जुलैच्या शेवटाकडे सरकते आणि हवा थोडी बरी मिळते. एरवी डांबर तापतं.

फलटण-बरडच्या मधलं पिंप्रद सोडलं आणि उजव्या टाचेत आग व्हायला लागली. कारण माझंच होतं. पहाटे तीनला टँकरच्या पाण्याखाली आंघोळ करून, पाय पुरते कोरडे न करता, रात्री धुतलेले दमट मोजे घातले होते. ओल, उष्णता आणि घर्षण एकत्र आली की कातडीचे थर एकमेकांवर सरकतात आणि मधे पाणी धरतं. पहिली खूण म्हणजे एका जागी चटका. त्याच वेळी थांबून, पाय पुसून, त्या जागी चिकटपट्टी लावली तर फोड येत नाही. थांबले नाही, कारण आमच्या दिंडीत वाराचे, म्हणजे त्या दिवसाचे ठरलेले, अभंग चालू होते आणि टाळकऱ्यांची रांग सोडवत नव्हती. अर्ध्या तासाने पाय तिरका पडायला लागला. तिरका पाय टाकत चाललं की दुसऱ्या दिवशी गुडघा धरतो, म्हणून शेवटी रांग सोडून रस्त्याच्या कडेला बसले.

शेजारी ऊस होता. एक वयस्क शेतकरी दारं धरत होते, सरीत पाणी सोडून, चिखलात अनवाणी, खांद्यावर खोरं. मी पाय पाटात सोडायला गेले तसे तिथूनच ओरडले, “माउली, त्यात नको! खताचं पानी हाय त्ये. थांबा जरा.” त्यांनी खोरं टाकलं, बारं मोडलं आणि वस्तीकडे गेले. ज्यांनी शेती केली आहे त्यांना कळेल, वीज असताना दारं सोडून जाणं म्हणजे काय. पाणी सरी फोडून भलतीकडे गेलं तर तेवढं बारं वाया जातं आणि वीज पुन्हा पाळीनेच येणार.

ते परतले तेव्हा हातात घमेलं होतं, त्यात विहिरीचं कोमट केलेलं पाणी आणि मूठभर मीठ. मागून त्यांची सून जुनं मऊ लुगडं फाडत येत होती. “धा मिन्टं पाय बुडवून ठिवा. ह्यापरीस जास्त नको, कातडं फुगतं,” असं म्हणून ते पुन्हा पाण्याकडे वळले. दोन सऱ्या फुटल्या होत्या. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. उन्हात पाठमोरे, खोऱ्याने माती ओढत राहिले.

आमच्या दिंडीतल्या तुळशीवाल्या आजी मला शोधत मागे आल्या होत्या. वृंदावन उतरवून त्या समोर बसल्या आणि मी नको-नको म्हणत असताना माझा पाय त्यांनी मांडीवर घेतला. सत्तरीच्या पुढची बाई. मला फार अवघडल्यासारखं झालं आणि दुखत इतकं होतं की पाय काढूनही घेववेना.

फोड रुपयाएवढा, घट्ट भरलेला. लहान, न दुखणारा फोड कधीच फोडू नये, वरची कातडीच आतल्या कच्च्या कातडीचं पांघरूण असते. पण ताणलेला असेल आणि पुढे चालायचंच असेल, तर पाणी काढावं लागतं. हात साबणाने धुवायचे. सुई स्पिरिटने नीट पुसून घ्यायची, नुसती काडीवर काळी करून नाही. फोडाच्या मधे टोचायचं नाही, कडेला, खालच्या बाजूला दोन ठिकाणी टोचायचं, म्हणजे पाणी आपल्या भाराने उतरतं. स्वच्छ कापसाने हलकं दाबायचं. कातडी ओढून काढायची नाही. वर आयोडीनचं मलम, जाळीचा कपडा, त्यावर चिकटपट्टी, आणि पट्टीला सुरकुती पडू द्यायची नाही, कारण सुरकुतीखाली दुसरा फोड येतो. मधुमेह असणाऱ्यांनी यातलं काही स्वतः करू नये, वाटेवरचं आरोग्य पथक गाठावं. पाण्याऐवजी पू किंवा रक्त दिसलं, लाली वर चढायला लागली, तर चालणं तिथेच थांबवावं.

आजींचं म्हणणं, सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढ आणि दोरा तसाच राहू दे, पाणी झिरपत राहतं. वारीत पिढ्यान्पिढ्या हेच करतात. पण त्याच दोऱ्याने बाहेरची घाण आत ओढली जाते. मी दोऱ्याला नाही म्हटलं आणि आजी रागावल्या. “तुमचं शहाण्याचं तुमच्यापाशी,” म्हणाल्या. पाय मात्र मांडीवरून खाली ठेवला नाही. सुनेने आणलेल्या लुगड्याची पट्टी त्यांनीच घोट्याला गुंडाळली, ना घट्ट ना सैल, आणि शेवटी माझ्या पावलाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला. मी रडले. दुखत होतं म्हणूनही असेल.

निघताना त्या शेतकऱ्यांनी विचारलं, “नीरेला माउलींचं स्नान झालं न्हवं? ह्यो पाट बी नीरेचाच.” नीरा उजवा कालवा. नदी फलटणच्या बरीच उत्तरेकडून जाते, पण तिचं पाणी कालव्याने वारीच्या वाटेलगत या उसात येतं. मी त्या पाटाकडे पुन्हा एकदा पाहिलं. गढूळ, हातभर रुंद, त्यावर उसाचं एक पातं वाहत चाललेलं.

बरडला पोचायला अंधार पडला. समाज आरती मात्र चुकली नाही, आणि लोणंदपासून पुढे या म्हणते त्यात हेही एक कारण आहे. मोठ्या शहरात हे असं अनुभवता येत नाही, उघड्या माळावर येतं. पालखी तळावर सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड उंच करून “हो” अशी आरोळी देतात आणि क्षणात शांतता पसरते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात, मग तोही आवाज थांबतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघायची वेळ सांगितली जाते, आणि आरती. त्या रात्री एका पैंजणाचा पुकारा झाला आणि गर्दीतून एक लहान मुलगी आईचा हात सोडून पुढे धावली.

पुढचे दिवस मला वेगवेगळे आठवत नाहीत. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा. नातेपुते. सदाशिवनगरचं गोल रिंगण. माळशिरस. खुडूस फाटा. ठाकूरबुवांची समाधी, वाखरी, आणि एका वळणावर कुणीतरी कळस दिसला म्हणालं.

पंढरपूरबद्दल एकच. एकादशीला पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहायचं असेल तर ते बळ राखून ठेवावं. नाहीतर नामदेव पायरीला आणि कळसाला हात जोडून यावं, वारी पुरी होते. बहुसंख्य वारकरी हेच करतात. पौर्णिमेच्या गोपाळपूरच्या काल्यापर्यंत थांबता आलं तर जरूर थांबावं.

वारीत जागा नीट पाहायला मिळत नाहीत, म्हणून हिवाळ्यात याच वाटेवर परत यावं. फलटणला श्रीराम मंदिर आणि लगतचा मुधोजी मनमोहन राजवाडा यांना एक सकाळ द्यावी. नातेपुत्याहून शिखर शिंगणापूर जवळ आहे. डोंगरमाथ्यावरून खालचा माळ पाहिला की आपण काय चाललो ते कळतं. वेळापूरला अर्धनारी नटेश्वराचं यादवकालीन देऊळ आहे. वारीच्या धावपळीत लोक त्याच्या बाहेरूनच पुढे जातात. मला मात्र या सगळ्या वाटेवरचं ते सगळ्यात शांत ठिकाण वाटतं. दुपारी जावं, दगड गार असतो. पंढरपूरला मार्गशीर्षात जावं, विठोबा विष्णुपदावर राहायला येतो तो महिना. कार्तिकीची गर्दी ओसरलेली असते.

आणि एक दिवस अकलूजमार्गे नीरा नरसिंहपूरला काढावा. लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ, उतरता घाट, आणि घाटाखाली नीरा भीमेला मिळते. दोन पाण्यांचे रंग बरंच अंतर वेगळे दिसतात. वाल्ह्या-लोणंदच्या मधे पादुकांवरून गेलेलं पाणी इथे भीमेत शिरतं आणि पुढे चंद्रभागा होऊन पुंडलिकाच्या पायाशी जातं. मी गेले तेव्हा घाटावर एक नावाडी जाळं विणत बसला होता. पंढरपूर इथून किती लांब, असं विचारलं तर त्याने मान वर न करता पाण्याकडे बोट दाखवलं.