बिडाला पडलेला तडा

देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातला ग्रँड पियानो पाहायला मला बोलावले, ते संगीतातले काही कळते म्हणून नव्हे, तर अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बिडाचे पंप आणि यंत्रांचे सांगाडे सांधण्यात माझी उमर गेली म्हणून. वरच्या पट्टीतले सूर लावले की आठवड्यात उतरतात, अशी ट्यूनरची तक्रार होती. तारा ताणून धरणाऱ्या बिडाच्या चौकटीत, त्या पिळण्याच्या खुंट्यांजवळ एक आडवा दांडा असतो; त्यावरचा सोनेरी रंग खरवडून मी तिथे रॉकेल लावले, कोरडे पुसले आणि खडूची पूड भुरभुरवली. पाच मिनिटांत पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटली: तड्यात शिरलेले रॉकेल बाहेर आले होते.

"दादा, वेल्डिंग मारून टाका की," मालकीणबाई म्हणाल्या. पण बिडाचा तवा हातून निसटल्यावर वाकत नाही, फुटतो, हे त्यांनाही ठाऊक असणारच. बीड दाब भरपूर सोसते, ताण मात्र त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि त्यांची एकत्रित ओढ अठरा-वीस टनांपर्यंत जाते. ती लाकडाला पेलेना, म्हणून बोस्टनच्या आल्फियस बॅबकॉक यांनी १८२५ साली अखंड ओतीव चौकटीचे पेटंट घेतले. अशा चौकटीच्या एकाच जागी आच दिली, तर टाक्याशेजारचे बीड थंड होताना काचेसारखे कडक होते आणि नवा तडा तिथूनच निघतो. सगळी चौकट भट्टीत तापवून, वेल्डिंगची निकेलची काडी वापरून, सावकाश निववता येते, हे खरे. पण ती जराशी जरी वाकली तरी बोल्टांची भोके जुळत नाहीत.

म्हणून मी थंड टाक्यांचा, म्हणजे आच न देता सांधण्याचा, मार्ग धरला. आधी ट्यूनरने सगळ्या तारा फेऱ्याफेऱ्यांनी, थोड्याथोड्या सैल केल्या, कारण एकाच बाजूचा ताण काढला तर तडा वाढण्याची भीती असते. मग तड्याच्या दोन्ही टोकांना भोके पाडून त्याची वाट अडवली, त्याला आडव्या पोलादी चाव्या ठोकल्या आणि रेघेवर एकमेकांत घुसणारे आटे असलेले स्क्रू बसवले.

मात्र खरे दुखणे वेगळेच होते. खुंट्यांचा लाकडी ठोकळा चौकटीच्या कडेला टेकायला हवा, तो टेकलेला नव्हता. फटीत पोस्टकार्ड सहज जात होते. त्यामुळे ठोकळ्याने घ्यायचा भार दांड्यावर आला होता. ती फट इपॉक्सीने भरली नसती, तर माझे टाके वर्षभरही टिकले नसते.

तारा पुन्हा चढवायला आम्ही दीड महिना घेतला. प्रत्येक फेरीनंतर रॉकेल आणि खडू. शेवटच्या वेळी पूड कोरडीच राहिली, तरीही तारांची ओढ थोडी कमी राहावी म्हणून सूर नेहमीच्या ४४० हर्ट्झऐवजी ४३५ वरच ठेवावा, असे मी ट्यूनरला सांगितले. त्यांना ते फारसे रुचले नाही.