पालेकर, साधा माणूस वगैरे

रविवार, रात्री उशिरा

आज परत ‘घरौंदा’ पाहिला. आई अर्ध्यातच उठून गेली. तिला पालेकर ‘चितचोर’मधलाच हवा असतो, ओव्हरसियर विनोद. तो मला मात्र कधीच फारसा भावला नाही. भाबडं हसायचं आणि येसुदासच्या आवाजावर ओठ हलवायचे, एवढंच काम आहे तिथे.

अमोल पालेकरांबद्दल लिहिताना सगळे ‘सामान्य माणूस’ म्हणून मोकळे होतात. ‘रजनीगंधा’ (१९७४) नीट पाहिला तर तो संजय कसला साधा? कायम उशिरा येणार, ऑफिस आणि प्रमोशन सोडून दुसरं बोलणार नाही आणि फुलं दिली की झालं. प्रेमळ आहे, पण स्वतःतच गुंतलेला. हे पालेकरांनी फार हलक्या हाताने दाखवलंय, म्हणून तर आपण त्याला माफ करतो.

‘घरौंदा’त (१९७७) माफीची सोयच नाही. बिल्डर पैसे बुडवतो आणि फ्लॅटचं स्वप्न कोसळतं. मग हाच सुदीप आपल्या छायाला हृदयरोगी साहेबाशी लग्न कर म्हणतो. म्हातारा किती दिवस जगणार, असा हिशोब! साहेब म्हणजे डॉ. लागू, आणि लग्नानंतर ते सुधारतच जातात. पालेकर हा हिशोब मांडतात तो त्याच मऊ, जरा चाचरत्या आवाजात, ज्यात एरवी प्रेमाची कबुली देतात. अंगावर काटा येतो तो त्यामुळे. खलनायकी सूर लावला असता तर सुदीप आपल्याला परका वाटला असता.

त्याच वर्षीच्या ‘भूमिका’तला केशव दळवी, बायकोच्या कमाईवर जगणारा आणि तिच्यावरच संशय घेणारा, याच जातीचा. स्मिता पाटीलबद्दल बोलण्याच्या नादात त्याच्याकडे दुर्लक्ष होतं.

‘गोलमाल’साठी फिल्मफेअर मिळालं. मिळू दे. मी तो बघते उत्पल दत्तसाठी. बिनमिशीचा लक्ष्मणप्रसाद, म्हणजे पालेकरांच्या रामप्रसादने रचलेला खोटा जुळा भाऊ, मला जरा ओढूनताणून मस्तीखोर केलेला वाटतो. (हे आईसमोर बोलायची सोय नाही.)

‘आक्रीत’ (१९८१) मात्र पुन्हा शोधून पाहायला हवा. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन पालेकरांचंच, विषय परभणीकडच्या मानवतच्या नरबळी हत्याकांडावर बेतलेला. ‘गोलमाल’ला उणीपुरी दोन वर्षं झालेली असताना लोकांच्या लाडक्या कारकुनाने स्वतःसाठी हत्याकांडामागचा मुकुटराव निवडला, याचं मला पुरस्कारापेक्षा जास्त अप्रूप आहे.