चकाकी आणि खरखर

“दिसायला नवी आहे, पण वाजवल्याशिवाय मी दर्जा लिहीत नाही,” असे म्हणत मँचेस्टरच्या रेकॉर्ड बाजारातल्या एका वयस्कर विक्रेत्याने आज सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकाराची ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) तबकडी दिव्याखाली तिरपी धरली.

एकही ओरखडा नव्हता. सुई टेकताच मात्र गायिकेच्या प्रत्येक ‘स’बरोबर खरखर उमटू लागली.

१९६०च्या दशकात अमेरिकेत अशा कितीतरी तबकड्या व्हिनाइलऐवजी पॉलिस्टायरिनच्या निघत. जड किंवा झिजलेल्या सुईने त्यांच्या खाचा लवकर खराब होतात, पृष्ठभाग मात्र चकाकतच राहतो. म्हणूनच केवळ डोळ्यांनी पाहून ‘निअर मिंट’ (जवळजवळ नवी) असा शेरा मारणे मला ग्राहकावर अन्याय करणारे वाटते, विशेषतः नॉर्दर्न सोलच्या, म्हणजे दुर्मीळ अमेरिकी सोल तबकड्यांवर नाचणाऱ्या उत्तर इंग्लंडमधल्या चाहत्यांच्या दुनियेत, जिथे गायक फ्रँक विल्सन यांच्या १९६५ सालच्या एका तबकडीला २००९ मध्ये २५,००० पौंडांहून अधिक किंमत मिळाली होती.

त्या गृहस्थांनी पाकिटावर पेन्सिलीने ‘व्हीजी’ (‘व्हेरी गुड’, म्हणजे ‘निअर मिंट’पेक्षा खालचा दर्जा) लिहिले आणि किंमत निम्म्यावर आणली. त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटला.

पाहून ठरवलेला दर्जा आणि ऐकून ठरवलेला दर्जा वेगवेगळा लिहायला इतर विक्रेत्यांची काय हरकत असावी?